सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि जुनी डिझेल गाडी: काय दिसतं, काय दिसत नाही

ऑनलाइन दुकानात ‘ओबीडी स्कॅनर’ (गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर काय सांगतो ते फोनवर दाखवणारं यंत्र) शोधलं की काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या, निळ्या-काळ्या प्लास्टिकच्या डब्या ओळीने समोर येतात. किंमत साधारण पाचशे ते नऊशे रुपये. प्रत्येकीवर ‘ईएलएम ३२७’ लिहिलेलं आणि प्रत्येक जाहिरातीत ‘सर्व गाड्यांना चालतो’ असा दावा. पेट्रोल गाडीवाला ती घेतो, एकदा कोड (कॉम्प्युटरने नोंदलेल्या दोषांचे क्रमांक) वाचतो, खोडतो आणि डबी ग्लोव्हबॉक्समध्ये पडून राहते. जुन्या कॉमन रेल डिझेलची (जिथे सगळ्या इंजेक्टरांना ‘रेल’ या एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) कामं स्वतःच्या पार्किंगमध्ये करणाऱ्याला मात्र ही डबी एका कामासाठी हवीच: सेल्फ फिरत असताना रेलमध्ये किती प्रेशर चढतंय ते पाहायला. कोड वाचणं त्यानंतरचं. नुसत्या कोडवर विसंबून डिझेल गाडीत पार्ट बदलत गेलं तर डबीच्या किमतीच्या वीसपट खर्च सहज होतो.

आधी कोणाला चालत नाही ते. जुनी डीआय बोलेरो, इंडिका डीएलई, डिझेल अॅम्बॅसेडर या पंप-नोझलच्या गाड्या. त्यांच्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही, त्यामुळे स्कॅनर लावायला काही उरत नाही. तिथे फीडपंप, पंपाचं टायमिंग, नोझलचं ओपनिंग प्रेशर आणि कम्प्रेशन गेज हेच स्कॅनर.

कॉमन रेल गाडी असली तरी एक गोम आहे. आपल्याकडे बीएस ४ (धुराचे भारतीय नियम, ‘नॉर्म्स’) गाड्यांना ओबीडी १ ची सक्ती १ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी २ ची १ एप्रिल २०१३ पासून झाली. पण २०१० साली बीएस ४ लागू झालं ते फक्त १३ शहरांत. त्यांत महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी राज्यात तेव्हा बीएस ३ गाड्याच विकल्या जात होत्या. म्हणून पुण्यात पासिंग झालेली २०११ ची स्विफ्ट आणि कोल्हापूरला पासिंग झालेली त्याच वर्षाची स्विफ्ट स्कॅनरसमोर सारखी वागेलच असं नाही. बीएस ३ गाडीत पुष्कळदा स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट दिसतं, डबीचा लाल दिवाही लागतो, पण अॅप ‘ईसीयूशी (इंजिनाच्या कॉम्प्युटरशी) संपर्क नाही’ म्हणत बसतं. यात डबीचा दोष नाही. त्या ईसीयूला कंपनीची स्वतःची भाषा येते, सार्वत्रिक ओबीडीची येत नाही. मागवण्याआधी आरसीवर नॉर्म्स पाहा. २०१३ नंतरची बीएस ४ डिझेल असेल तर बिनधास्त घ्या.

डबी निवडताना

ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्रॅम कॉपी होण्यापासून संरक्षित केलेला नव्हता, त्यामुळे नकला सुरू झाल्या त्या आजतागायत थांबलेल्या नाहीत. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारातल्या ‘व्ही १.५’ ची गंमत अशी की एल्मने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तो आकडा नकलाकारांचा. तरीही १.५ लिहिलेली नक्कल पुष्कळदा ‘व्ही २.१’ लिहिलेल्या नकलेपेक्षा बरी निघते, कारण २.१ म्हणून खपणाऱ्या बारक्या डब्यांतून बरेच आदेश गाळलेले असतात. आकड्यावर जाऊ नका.

डोळ्यांनी पाहायची गोष्ट वेगळीच आहे. डबी उलटी धरा आणि प्लगच्या तोंडात बघा. ४ आणि ५ नंबरच्या पिना अर्थच्या, १६ नंबर बॅटरीची, ६ आणि १४ कॅनच्या, ७ आणि १५ के-लाइन व एल-लाइनच्या (कॅन आणि या लाइनी म्हणजे ईसीयूशी बोलायच्या नव्या आणि जुन्या तारा). या जागी धातूची पिन दिसायलाच हवी. स्वस्त मिनी डब्यांत ७ आणि १५ च्या जागा कधी कधी रिकाम्या असतात. नव्या गाडीचं त्यावाचून अडत नाही, ती कॅनवर बोलते. जुनी डिझेल के-लाइनवर बोलणारी असेल तर ती डबी तिच्यासाठी दगड. २ आणि १० या पिना नसल्या तरी बिघडत नाही, त्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या. ऑनलाइन फोटोत प्लगचं तोंड दाखवलेलं नसेल तर परत घेण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच मागवा.

आली की लगेच एक चाचणी करा. फोनवर कुठलंही ब्लूटूथ टर्मिनल अॅप घ्या, डबी जोडा (पासवर्ड १२३४ किंवा ०००० असतो) आणि रोमन अक्षरांत ‘एटी झेड’ हा आदेश पाठवा. डबी आपलं नाव आणि आवृत्ती सांगेल. मग ‘एटी आरव्ही’ पाठवा, सॉकेटवरचं व्होल्टेज येईल. मल्टिमीटरने बॅटरीवर मोजलेल्या आकड्याशी ते ताडून पाहा. नकलांमध्ये पाव ते अर्ध्या व्होल्टचा फरक सर्रास असतो. फरक लक्षात ठेवला की झालं. तिसरा आदेश ‘एटी पीपीएस’. उत्तरात नुसतं प्रश्नचिन्ह आलं तर डबीला तो आदेश कळलाच नाही, म्हणजे ही गाळीव आवृत्ती. कोड वाचायला तेवढी पुरेल. पुढे कंपनीनिहाय अॅप वापरायचं असेल तर परत करा.

आयफोनवाल्यांनी साधी ब्लूटूथ डबी घेऊ नये, जोडली जाणार नाही. त्यांच्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ एलई प्रकारची. वायफायची असेल तर अॅपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० टाका.

अॅपचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. अँड्रॉइडवर टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन नावं पुरेत. आकडे कोणत्या एककात येतात तेवढं मात्र बघा. रेल प्रेशर कुठे किलोपास्कलमध्ये दिसतं, कुठे पीएसआयमध्ये. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. ‘२४०००’ वाचून दचकू नका, ते २४० बार आहेत.

अॅपवर विश्वास नसेल तर आकडा हातानेही काढता येतो. इंजिन गरम, आयडलवर. टर्मिनलमध्ये ०१२३ पाठवा, म्हणजे ‘रेल प्रेशर सांग’. उत्तर समजा ४१ २३ ०९ ६० असं आलं. ४१ आणि २३ सोडा, ती नुसती पोच आहे. उरलेले ०९ आणि ६० सोळाच्या पाढ्यात: ०९ म्हणजे ९ गुणिले २५६, झाले २३०४, ६० म्हणजे ६ गुणिले १६, झाले ९६. बेरीज २४००. ती दहाने गुणली की २४००० किलोपास्कल, म्हणजे २४० बार. कॉमन रेल डिझेलचं गरम आयडल साधारण अडीचशे ते साडेतीनशेच्या आसपास असतं, थोडं खालीही चालतं. आकड्यापेक्षा तो किती स्थिर आहे हे महत्त्वाचं. दहा-पंधरा बारची हालचाल नेहमीची. पन्नास-साठ बारने वरखाली उड्या मारत असेल आणि इंजिनही ‘हंटिंग’ करत असेल (आरपीएम आपोआप वरखाली होत असेल) तर प्रेशर रेग्युलेटर किंवा इंधनातली हवा.

खरं काम: सकाळी लांब सेल्फ

जुन्या डिझेलची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. आधी दोन सेल्फमध्ये लागायची, आता आठ-दहा सेकंद मारावा लागतो. गल्लीतला मेकॅनिक हीटर प्लग सांगतो, दुसरा इंजेक्टर, तिसरा हाय प्रेशर पंप. तिघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून क्रमाने जावं.

अॅपच्या पडद्यावर दोनच काटे ठेवा: आरपीएम आणि रेल प्रेशर. दहा काटे लावले तर के-लाइनवरची नक्कल प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी एकदा ताजा करते आणि तोवर सेल्फ मारून संपलेला असतो. गाडी रात्रभर उभी असावी.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. रेल प्रेशर शून्याच्या आसपास हवं. रात्रभरात रेल रिकामी होतेच. इथे ६०-७० बार दिसत असतील तर प्रेशर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर खोटं बोलतंय, आणि ईसीयू त्याच खोट्या आकड्यावर डिझेल मोजतोय. बाकी काही उघडण्याआधी सेन्सरचा प्लग काढून पिना तपासा. तेलकट, हिरव्या पडलेल्या पिना हे अर्ध्या वेळेचं कारण.

आता सेल्फ. आरपीएम दोनशेच्या वर जायला हवं. दीडशेच्या खाली अडखळत असेल तर डिझेलचा विषय सोडा आणि बॅटरी, स्टार्टर, अर्थिंग बघा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ पट्टी गंजली आहे. शंभर-दीडशे रुपयांची पट्टी न बदलता नवी बॅटरी घेणारे पुष्कळ. आरपीएम शून्यच दिसतंय आणि इंजिन मात्र फिरतंय, तर क्रँक सेन्सर. पण इथे डबी फसवू शकते. सेल्फच्या वेळी व्होल्टेज पडलं की कमकुवत नक्कल स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि अॅप जुना आकडा तसाच दाखवत राहतं. म्हणून रेल प्रेशरचा आकडा हलतोय ना, ते बघा. दोन्ही आकडे गोठले असतील तर डबी झोपली आहे, क्रँक सेन्सर नाही.

आरपीएम ठीक असेल तर प्रेशरवर नजर ठेवा. साधारण दीडशे-दोनशे बारच्या खाली बहुतेक ईसीयू इंजेक्टर उघडतच नाहीत. निरोगी गाडीत दोन सेकंदांत आकडा तिथे पोचतो. इथून तीन वाटा फुटतात.

प्रेशर झटक्यात अडीचशेवर गेलं आणि गाडी तरी धरत नाही: डिझेल पोचतंय. आता हीटर प्लग, कॅम सेन्सर, इंजेक्टरचं वायरिंग, शेवटी कम्प्रेशन. हीटर प्लग स्कॅनरने तपासता येत नाहीत. पी ०३८० कोड सर्किटचा असतो, चार प्लगांपैकी कोणता गेला ते सांगत नाही. मल्टिमीटरवर प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स एक ओमच्या आसपास हवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून वायरचा आकडा वजा करायला विसरू नका. आणि हे नागपुरात मे महिन्यात होत असेल तर हीटर प्लगच्या मागे लागूच नका. डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इतक्या उष्ण हवेत प्लगशिवाय लागते. महाबळेश्वरच्या जानेवारीत गोष्ट वेगळी.

प्रेशर ऐंशी-शंभरपर्यंत रडतखडत चढतं आणि तिथेच अडतं: एकतर डिझेल पुढे येत नाही किंवा आलेलं गळतंय. आधी स्वस्त बाजू. फिल्टर कधी बदलला? खालच्या ड्रेन स्क्रूतून पाणी काढलं का? फिल्टरच्या आऊटलेटला वीतभर पारदर्शक डिझेल होज तात्पुरती जोडा आणि सेल्फ मारा. सलग बुडबुडे दिसले तर हवा घेतेय. फिल्टर बदलल्यानंतर दोन-चार बुडबुडे येतातच. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून टाकीतल्या पंपाला लाइन भरू द्या. बुडबुडे थांबतच नसतील तर फिल्टरच्या वॉटर सेन्सरचा ओ-रिंग आणि होजच्या क्लिपा बघा. डिझेल बाहेर न गळताही तिथून हवा आत जाते, कारण बऱ्याच गाड्यांत पंप डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो. म्हणून खाली डाग नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही.

प्रेशर चढतं, पण रोज थोडं जास्त वेळ घेतं, आणि गरम झाल्यावर बंद करून लगेच लावली तर आणखी त्रास: इंजेक्टरचं रिटर्न (न जळता परत जाणारं डिझेल) वाढलंय. इथे स्कॅनर बाजूला ठेवायचा.

चार नळ्या आणि चार बाटल्या

रिटर्न टेस्ट किट चार-पाचशे रुपयांत मिळतं. ते नसेल तर चार पारदर्शक नळ्या आणि औषधाच्या चार सारख्या बाटल्या पुरतात. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न क्लिपा हळूच वर ओढा. जुनं प्लास्टिक मोडतं, म्हणून चार क्लिपा आणि ओ-रिंग आधीच आणून ठेवा. प्रत्येक इंजेक्टरला एक नळी, प्रत्येक नळी एका बाटलीत. गाडीची मूळ रिटर्न लाइन बोल्ट घालून बंद करा, नाहीतर तिथून हवा जाईल. मग इंजिन लावून एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा.

चारही बाटल्यांत साधारण सारखं, थोडंसं डिझेल आलं तर इंजेक्टर रिटर्नच्या बाबतीत ठीक. एकीत बाकीच्यांच्या तिप्पट आलं तर तोच गुन्हेगार. गाडी लागतच नसेल तर पंधरा सेकंद सेल्फ मारून बघा. निरोगी इंजेक्टरच्या नळीत तेवढ्यात जेमतेम काही येतं, खराबाची नळी भरून वाहते.

हाय प्रेशर पाइपचं नट इंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. पंप-नोझलच्या काळात ‘एअर काढायला’ ते केलं जायचं. इथे हजार-सोळाशे बारची धार कातडी फोडून आत जाते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा.

सापडलेला इंजेक्टर बदलला की स्वस्त स्कॅनरची हद्द संपते. बहुतेक इंजेक्टरांवर त्यांचा कोड कोरलेला असतो (डेल्फीच्यावर १६ अक्षरांचा) आणि तो ईसीयूत लिहावा लागतो. सार्वत्रिक ओबीडी अॅप ते करू शकत नाही. डस्टरच्या १.५ डीसीआय इंजिनासाठी डीडीटी४ऑल, फियाटच्या गाड्यांसाठी मल्टिईसीयूस्कॅन, फोर्डच्या टीडीसीआयसाठी फोरस्कॅन हे लॅपटॉपवरचे पर्याय. डबी चांगली असेल तर तीच इथे चालते, गाळीव असेल तर अर्ध्यात सोडून देते. फोर्डचे काही कंट्रोलर ३ आणि ११ नंबरच्या पिनांवर बोलतात, त्यासाठी स्विच असलेली डबी लागते. इंजिनच्या ईसीयूला ती गरज नाही. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनी व्हीसीडीएसची वेगळी केबल घ्यावी, या डबीच्या नादी लागू नये. हीच अॅपं प्रत्येक सिलिंडरचं करेक्शनही दाखवतात. मात्र करेक्शन चांगलं आलं म्हणजे इंजेक्टर चांगला असं नाही. ते आयडलला कोणता सिलिंडर किती जोर लावतो ते सांगतं. रिटर्नला किती गळतं ते बाटल्याच सांगतात.

हवेची बाजू: इथे डबी पैसे वसूल करते

काळा धूर, पिकअप नाही, अॅव्हरेज पडलं. गॅरेजचा पहिला तर्क टर्बो. थांबा, आधी एक गणित करा.

आपल्याकडे घरोघरी पोचलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. मारुतीने ते मानेसरला बनवलं, फियाट-टाटाने पुण्याजवळच्या रांजणगावला, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झपासून इंडिका व्हिस्टा, लिनिया, पुंटोपर्यंत सगळीकडे बसलं. क्षमता १२४८ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ८५० आरपीएमला मिनिटाला १.२४८ गुणिले ४२५, सुमारे ५३० लिटर हवा, सेकंदाला ८.८ लिटर. एक लिटर हवा साधारण १.१६ ग्रॅमची. सिलिंडर शंभर टक्के भरत नाही, म्हणून दहा-बारा टक्के सोडा. उरतात सेकंदाला ९ ग्रॅम. पुण्याच्या उंचीवर आणखी पाचेक टक्के कमी.

आता अॅपमध्ये एमएएफचा (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा. इंजिन गरम, एसी बंद, आयडल. ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना ९ च्या आसपास यायला हवा. ईजीआर उघडा असला की धुराची जागा हवा घेऊ शकत नाही आणि आकडा ५-६ वर येतो, ते नेहमीचं. बऱ्याच ईसीयूंत थोडा वेळ आयडल चाललं की ईजीआर आपोआप मिटतो. आवाज किंचित बदलतो आणि आकडा वर जातो. हे होत असेल तर दोन्ही भाग कामात आहेत.

अॅप ‘ईजीआर आज्ञा ० टक्के’ दाखवतंय आणि एमएएफ तरी ५ वरच? एकतर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलाय किंवा एमएएफ सेन्सर मळलाय. निवाडा असा: ईजीआर पाइपच्या गॅस्केटच्या जागी एक मिलिमीटरचा पत्रा तात्पुरता बसवा. आकडा ९ वर गेला तर ईजीआर, तिथेच राहिला तर एमएएफ. पत्रा लगेच काढा. तसाच ठेवलात तर पी ०४०१ येईल आणि धुराच्या नियमातही बसत नाही. ईजीआर उतरवून कार्बोरेटर क्लीनर आणि टूथब्रशने साफ करता येतो, नवं गॅस्केट घालूनच बसवा. एमएएफला मात्र ब्रश, कापूस, कॉम्प्रेसरची हवा यांतलं काहीही लावू नका. फक्त एमएएफ क्लीनरचे आठ-दहा फवारे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय प्लग जोडायचा नाही. एअर फिल्टरला तेल लावायची हौस असलेल्यांच्या गाडीत हा सेन्सर वारंवार मळतो.

टर्बोसाठी: चावी ऑन, इंजिन बंद, मॅनिफोल्ड प्रेशर (एमएपी) बघा. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६-८७. याच्याशी जुळत नसेल तर सेन्सरच चुकीचा. जुळला तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. फोन शेजारच्याच्या हातात, किंवा लॉग सुरू करून खिशात. बहुतेक छोट्या टर्बो डिझेलमध्ये आकडा दोनशेच्या आसपास किंवा वर जातो. दीडशेवर अडला आणि पी ०२९९ आला तर टर्बोला हात लावण्याआधी त्याच्या हवेची होज बघा. फुटलेली होज बाहेरून तेलकट दिसते, आणि चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला, क्लिपेच्या कडेला असते. हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

कोडबद्दल दोनच गोष्टी. पी ००८७ म्हणजे ‘रेल प्रेशर कमी’. ‘पंप गेला’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. फिल्टर, हवा, रेग्युलेटर, इंजेक्टर, पंप असे पाच संशयित आहेत आणि पंप त्यांत सगळ्यात महाग. चढावर किंवा ओव्हरटेक करताना हा कोड येऊन गाडी लिंप मोडला (ईसीयू मुद्दाम जोर कमी करतो तो) जात असेल तर आधी फिल्टर. दुसरी गोष्ट, कोड खोडण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’चा स्क्रीनशॉट घ्या. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, तापमान त्यात असतं, आणि कोड खोडला की तेही जातं.

डबी सॉकेटमध्ये लावून ठेवायची नाही. चावी बंद असली तरी ती ४०-५० मिलिअँपिअर खात राहते. दिवसाला एक अँपिअर-अवर धरा. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर पंधरा. पाच वर्षांच्या बॅटरीला तेवढं पुरतं, आणि मग लांब सेल्फचं निदान पुन्हा पहिल्यापासून. सारखी काढघाल केल्याने सॉकेट ढिलं होतं, म्हणून डबी दोन बोटांनी सरळ ओढावी, हलवून उपटू नये.

जुनी डिझेल घ्यायला जाणाऱ्याने हीच डबी खिशात टाकून न्यावी. बघायचे दोन आकडे: ‘दिवा लागल्यापासूनचे किलोमीटर’ आणि ‘कोड खोडल्यापासूनचे किलोमीटर’. सगळे ईसीयू ते देत नाहीत, पण २०१३ नंतरच्या गाड्यांत बहुधा मिळतात. दुसरा आकडा हजारोंमध्ये असेल तर ठीक. ९ किंवा १७ दिसला तर नुकतेच कुणीतरी कोड खोडलेत किंवा बॅटरीची वायर काढलीय. सर्व्हिसिंग आत्ताच झालं म्हणत असतील तर बिल मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर असतात. मग गाडी अर्धा तास चालवा, त्यात एक चढ घ्या, आणि इंजिन बंद न करता अॅपमध्ये ‘पेंडिंग’ कोड उघडा. डॅशबोर्डवरचा दिवा अजून लागलेला नसतो, पण परत येऊ घातलेला कोड तिथे आधीच येऊन बसलेला असतो.